पोर्टोबेलोच्या कट्ट्यावर दोन ‘नाही’

"सडकून आपटले!" डब्लिनच्या पोर्टोबेलोत कालव्याच्या कठड्यावर बूड टेकायच्या आधीच पंतांनी जाहीर केलं. "कुटुंबाच्या प्रश्नाला ‘नाही’ साडेसदुसष्ट टक्क्यांच्या वर, केअरच्या प्रश्नाला जवळजवळ ७४. आयर्लंड परत पाद्र्यांच्या ताब्यात. लिहून ठेवा."

मार्च २०२४ ची गोष्ट. आयर्लंडच्या सरकारने घटनेतले दोन बदल सार्वमताला टाकले होते: कुटुंबात लग्नाबरोबर ‘टिकाऊ नातं’ही धरायचं, आणि बाईच्या घरातल्या जागेबद्दलचं जुनं कलम काढून तिथे केअरचं, म्हणजे घरातल्यांच्या देखभालीचं, कलम घालायचं. लोकांनी दोन्हींना ‘नाही’ म्हटलं.

पंत सगळंच लिहून ठेवायला सांगतात. आमच्यात इथला पासपोर्ट त्यांच्या एकट्याकडे आहे, त्यामुळे आयर्लंडविषयी शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

"आमचो लिओ तोंडघशी पडलो," भाऊ हळहळले. भाऊ मालवणचे. लिओ वराडकरांच्या वडिलांचं वराड गाव तिथून जवळ, एवढ्यावर भाऊंनी तेव्हाचा पंतप्रधान घरचा करून टाकला होता.

"पाद्र्यांना ७४ टक्के जमवता येत असते तर त्यांनी २०१८ ला नसते का जमवले?" वहिनी म्हणाल्या. वहिनी नगरच्या कोर्टात वकिली करून आलेल्या. आता इथे सॉलिसिटर व्हायचं म्हणून एफई-वन या प्रवेशपरीक्षेचे आठ पेपर पहिल्यापासून देतायत. "माणसं तीच आहेत, पंत. २०१५ ला समलिंगी लग्नाला ६२ टक्के हो म्हणाली. २०१८ ला गर्भपात अडवणारी आठवी दुरुस्ती ६६ टक्क्यांनी काढून टाकली. एवढ्यात सगळी धर्मभोळी झाली?"

"मग बाईच्या घरातल्या आयुष्याबद्दलचं ते १९३७ चं कलम काढायला हरकत कुणाची होती?"

"काढायला फारशी नव्हतीच. त्या जागी काय घातलं ते बघा. सिटिझन्स असेंब्लीने, म्हणजे सरकारने बसवलेल्या साध्या नागरिकांच्या सभेने, सांगितलं होतं की केअरसाठी, घरात आणि घराबाहेरही, राज्याने वाजवी उपाययोजना केलीच पाहिजे. सरकारने लिहिलं काय, तर राज्य प्रयत्नशील राहील. आणि तेही घरातल्यांनी घरातल्यांचं केलं तर! अपंग मुलाला रात्री तीनदा कूस बदलवणाऱ्या आईला जाऊन सांगा, राज्य प्रयत्नशील आहे म्हणून."

पंत गप्प. दोन सेकंद.

"आणि ते ‘टिकाऊ नातं’! टिकाऊ म्हणजे किती, विचारलं की उत्तर एकच, कोर्ट ठरवेल. उद्या वारसाहक्काच्या भांडणात अशील माझ्यासमोर बसेल, त्याला मी हेच सांगू?"

"म्हणूनच म्हणतो, लोकांना विचारूच नये!" पंत उसळले. "आपल्याकडे १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. कुणी तुमच्या आईला विचारलं?"

"नाही विचारलं. तेच तर दुखणं आहे."

मास्तर इतका वेळ चहा ओतत होते. "मार्गदर्शक तत्त्वं आपण यांच्याच घटनेवरून घेतली. सार्वमत तेवढं बंदरावर राहिलं," म्हणाले.

बेळगावकर फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "सविता हलप्पनवार आमच्या गावची." मग थांबून, "२०१२ चा ऑक्टोबर. गॉलवेच्या इस्पितळात वारली. बाळ वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत, पण ठोका लागतोय तोवर हात लावता येत नाही म्हणाले. आठव्या दुरुस्तीची, १९८३ ची ती ओळ. आई आणि पोटातला जीव, दोघांचा जगण्याचा हक्क सारखा. घटनेत वाचायला किती छान वाटतं."

कुणी काही बोललं नाही.

"त्या ओळीचा अर्थ वकील लावत बसले तीस-पस्तीस वर्षं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटी अशीच सभा भरली, ९९ साधी माणसं मालाहाइडच्या हॉटेलात शनिवार-रविवार बसली. अध्यक्ष न्यायमूर्ती लॅफॉय. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, वकिलांचं ऐकलं, बायांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेलं ऐकलं. मग मतदान. क्रम असा पाहिजे. या वेळी सभा बसवली, तिचं ऐकलं आणि मसुदा मात्र आपल्या मनाचा केला."

माझं मत सांगतो: वहिनींचं शब्दन् शब्द बरोबर आहे. इथला कायदा बदलला तो माणसांचं बोलणं आधी ऐकून घेतलं म्हणून.

"मग तुमची विद्यापीठं बंद करा की! ९९ जण हॉटेलात बसवा, झालं," पंत म्हणाले.

"विद्यापीठात तरी दुसरं काय शिकायचं असतं?" वहिनी म्हणाल्या. " १९६९ ला इथल्या लॉच्या विद्यार्थ्यांनी मोफत सल्ला केंद्रं काढली. फ्लॅक. अजून चालू आहेत. कॉर्कची जोसी एअरी माहीत आहे? मारकुट्या नवऱ्यापासून कायद्याने वेगळं व्हायचं होतं, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. सरकार म्हणालं, स्वतःच कोर्टात उभी राहा. बाई स्ट्रासबुर्गला गेली. वकील मेरी रॉबिन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या त्या. १९७९ ला जिंकली. त्यानंतर इथे दिवाणी दाव्यांना सरकारी मदत आली. आणि घटस्फोट? तो १९९५ ला, तोही ९,११४ मतांनी. मला आठही पेपरांत मिळून जे शिकायचं आहे ते या एका बाईत आहे."

"पण किंग्ज इन्समध्ये बॅरिस्टर व्हायला अजून भोजनांना हजेरी लावावी लागते म्हणे," मास्तरांनी हळूच काडी टाकली. "१५४१ ची संस्था. आयरिश भाषेची सक्ती २००८ ला गेली, पंगत राहिली."

"म्हणजे जेवून बॅरिस्टर?" पंत खूश.

"तर तुम्ही एव्हाना सरन्यायाधीश व्हायचे!" भाऊ म्हणाले. "गेल्या गणपतीत महाप्रसादाला पाच माणसं आणली आणि वर्गणी एकाची."

"ती मंडळाच्या नियमात बसत होती. ‘प्रतिकुटुंब’ असा शब्द आहे."

"तो शब्द कुणी घातला? सेक्रेटरी कोण होतं? साडूचा मित्र तुमच्या कुटुंबात कधीपासून?"

"टिकाऊ नातं आहे आमचं," पंत म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळे त्यांच्या बाजूने हसले.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "पंत, तुम्ही शुक्रवारी काय मत दिलंत?"

पंतांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं. "शुक्रवारी महाशिवरात्र होती. उपास. अशक्तपणा आला होता."

"म्हणजे गेलाच नाहीत?" वहिनी उभ्याच राहिल्या. "मला इथे नगरपालिकेला मत आहे, घटनेला नाही. बेळगावकरांनाही नाही. २०१८ ला पोरं ऑस्ट्रेलियाहून विमानं पकडून मत द्यायला आली होती. आणि तुमचं केंद्र घरासमोरच्या शाळेत!"

"साबुदाणा खाऊन अशक्तपणा?" बेळगावकर.

"वायनीनू, हेका दंड करा," भाऊ म्हणाले. दंड ठरला: मागची वर्गणी, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना खिचडी. मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

"करतो की, प्रयत्न करतो," पंत म्हणाले.

"प्रयत्न नाही!" चौघे एकदम ओरडले, आणि पलीकडच्या काठावरचं जोडपं दचकून आमच्याकडे बघायला लागलं. पंतांनी कागदावर ‘देईन’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि दाण्याचं कूट कोण आणणार यावरून भाऊंशी भांडायला सुरुवात केली.