सुगरणीचा खोपा गॅलरीत टांगणाऱ्यांना, आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना

श्रावण लागल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: सुगरण पक्ष्याची मादी एकटी राबून घर विणते, कधी कुरकुरत नाही, आजच्या सुनांनी तिच्याकडून शिकावं. नवऱ्याला बसायला ती शेजारी अर्धा झोका बांधते. रात्री उजेड हवा म्हणून ओल्या मातीत काजवे चिकटवते. खोपा पाण्यापासून जितका उंच, तितका यंदा पूर मोठा. माणसाचा हात लागला की ती पिल्लं टाकून देते. आणि असा खोपा आणून दारात टांगला की घरात लक्ष्मी टिकते, भांडणं मिटतात. खाली हात जोडलेले आणि ‘अकरा जणांना पाठवा’.

असले मेसेज रोज येतात, मी उत्तर देत बसत नाही. पण हा आमच्या वन्संनी मनावर घेतला. त्यांच्या जावयाने करवीर तालुक्यातल्या मळ्यातून, विहिरीवर वाकलेल्या बाभळीचा खोपा फांदीसकट तोडून आणला आणि कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत टांगला. म्हणून मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचं नुसतं चुकीचं आहे, यात जीव जातात.

तो खोपा अजून हिरवट होता. पात्यांचा ओला वास येत होता आणि खालची नळी पूर्ण विणलेली होती. सुगरणीचा नर ही नळी विणून पुरी करतो ती मादीने खोपा पसंत केल्यानंतर. त्यामुळे हिरवा खोपा आणि त्याला पूर्ण नळी दिसली, की आत अंडी किंवा पिल्लं आहेत असंच धरून चालायचं. मी नळीतून दोन बोटं वर घालून बाजूच्या कप्प्यात चाचपलं. तळाला पांढऱ्या टरफलाचे तुकडे चिकटले होते आणि बोटांबरोबर मुंग्या बाहेर आल्या.

‘‘वन्सं, आत अंडी होती हो.’’

‘‘अगं, रिकामा आहे म्हणाला की तो. खालनं बघून घेतलंय त्यानं.’’

खालून बघून काही दिसतच नाही. नळी सरळ वर जाते, अंड्यांचा कप्पा तिच्या बाजूला असतो आणि दोहोंच्या मध्ये विणलेला उंबरा असतो. अंडी गडगडून नळीतून पडू नयेत म्हणून ही रचना. म्हणजे ज्या रचनेने अंडी सांभाळायची, तिच्यामुळेच बघणाऱ्याला खोपा रिकामा वाटतो, आणि विळा चालतो.

एक खोपा पुरा व्हायला सुमारे 18 दिवस आणि त्यासाठी नराच्या 500 पर्यंत फेऱ्या होतात. मग मादी 2 ते 4 अंडी घालते, ती 14 ते 17 दिवस उबवते, आणि पिल्लं उडायला पुन्हा तितकेच दिवस लागतात. हे सगळं पावसाळ्यात, गवत आणि भात वाढलेलं असताना. नेमक्या याच दिवसांत खोपा हिरवागार, देखणा असतो आणि तेव्हाच तो शोभेसाठी तोडला जातो. वन्य प्राणी संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं धरलेलं आहे. मी हे जावयांना सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. कायदा सगळ्यांना वाचायला मोकळा आहे.

‘मग वाळका तोडावा, तो तर टाकलेलाच असतो ना?’ असं ग्रुपवर एकाने विचारलं. सुगरणीने टाकलेल्या खोप्यात मुनिया हे छोटे पक्षी शिरतात, तिथेच अंडी घालतात, रात्री झोपतात. सुगरणीसाठी मात्र तो फक्त पाळणा आहे. विणीचा हंगाम सरला की हे पक्षी थव्याने लव्हाळ्यात किंवा उसाच्या फडात झोपायला जातात. तेव्हा ‘घर टिकवणाऱ्या पक्ष्याचं घर’ म्हणून जे दारात टांगायचं, त्यात तो पक्षी स्वतः वर्षभर राहतच नाही. दिवाळीनंतर वाऱ्याने गळून जमिनीवर पडलेला खोपा पोरांना दाखवायला उचललात तर माझी हरकत नाही. पण झाडावरचा, हिरवा असो की वाळका, तोडायचा नाही.

आता सुनांना शिकवणीचा मुद्दा. हा मेसेज ग्रुपवर टाकला गेला तेव्हा घरात नवी सून आली होती आणि तो कुणासाठी होता हे सगळ्यांना कळलं. म्हणून हे नीट सांगते. खोपा नर विणतो. 1930 साली पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून हे सगळं बारकाईने टिपलं आणि 1931 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. नव्वदहून जास्त वर्षं झाली त्याला. त्यांनी पाहिलं ते असं: नर अर्धा खोपा विणतो, माद्या थव्याने येऊन पाहणी करतात, एखादीला तो पटला की ती तिथे मुक्काम ठोकते. नर उरलेलं काम उरकतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. एका हंगामात एका नराच्या अशा अनेक माद्या. आता यातून संसाराचा धडा काढायचा असेल तर कोणता काढणार?

पटत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही विहिरीकाठी अर्धा तास उभं राहा. डोकं पिवळंधमक आणि चेहरा काळपट तो नर. मादी चिमणीसारखी, मातकट. नर उसाच्या किंवा भाताच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, तिथली कड चोचीत धरतो आणि उडतो. उडण्याच्या हिसक्याने पात्याची लांब पट्टी टरकन निघते, वीस ते साठ सेंटिमीटरपर्यंत. ती फांदीला गुंडाळून, पायाखाली दाबून, चोचीने आरपार ओवतो. आधी कडं, मग टोपी, मग कप्पा. टोपीपर्यंत आलं की आडव्या दांडीवर बसून पंख फडफडवत माद्यांना हाका मारतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती नाकारत नाही. अंडी उबवायचं काम मादी एकटी करते आणि पिल्लांना चारायचा भारही जवळजवळ सगळा तिच्यावरच पडतो. पण विणकाम तिचं नव्हे, आणि पक्ष्याच्या मादीला माणसाच्या सुनेसमोर आरशासारखं धरायचा अधिकार कुणालाच नाही.

‘नवऱ्याचा झोका’ म्हणजे तोच टोपीपर्यंत आलेला खोपा. माद्यांनी नाकारला म्हणून तिथेच सोडलेला. विषय संपला.

काजव्यांचं सांगते. खोप्यात मातीचे गोळे असतात हे खरं. हलका खोपा वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावं, असं एक मत आहे. पण दिवे? आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात काजव्यांचा बहर मे अखेर ते जूनचा. खोप्यांचं काम रंगात येतं तोवर तो सरलेला असतो. चिखलात रुतवलेला काजवा जगणार किती आणि चमकणार किती? आणि रात्री अंधारात गपचूप बसलेल्या मादीला उजेड कशाला हवा, सापाला रस्ता दाखवायला?

पुराचं मात्र मला भय वाटतं, कारण आपल्याकडे लोक हे मनावर घेतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते चिखली-आंबेवाडीच्या माणसाला विचारा. पंचगंगेची पातळी ठरते ती वरच्या खोऱ्यात किती पाऊस पडतो आणि धरणातून किती पाणी सुटतं यावर. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. घर कधी सोडायचं हे त्या आकड्यावरून ठरवायचं. खोप्याची उंची ठरते ती बाभळीची कोणती फांदी पाण्यावर लोंबते, साप-मांजराला कुठे पोचता येत नाही यावरून. एका झाडावर दहा खोपे दहा उंचीवर असतात, मग पूर कोणता मानायचा? जुनी माणसं दिशा बघायची, त्यात थोडं तथ्य आहे. नैर्ऋत्येच्या पावसाची झोड टाळायला खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात. पण त्यातून वारा कुठून येतो एवढंच कळतं, पाणी किती येणार ते नाही.

राहिला हात लागण्याचा मुद्दा. माणसाच्या हाताच्या वासाने पक्षीण पिल्लू टाकत नाही. अंड्यांवर बसलेली असताना पुन्हापुन्हा झाड हलवलं, खोपा चाचपला, तर मात्र ती जागा सोडू शकते. म्हणून वादळात पिल्लांसकट खोपा खाली आला तर ‘आता शिवायचं नाही’ म्हणून तसाच ठेवू नका, मांजर वाट बघत नाही. सुतळीने त्याच झाडाच्या फांदीला, नळी खाली राहील असा बांधा आणि लांब जाऊन थांबा. पिल्लांचा आवाज ऐकून मादी बहुतेक वेळा परत येते.