नार्को टेस्टबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे
एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की नार्को टेस्टमध्ये माणूस खोटं बोलूच शकत नाही, जो टेस्टला नाही म्हणतो तो गुन्हेगार आणि टेस्टमधलं बोलणं कोर्टात थेट पुरावा म्हणून चालतं. तिन्ही गोष्टी चूक आहेत, प्लीज पुढे पाठवू नका.

नार्कोत सहसा सोडियम पेंटोथाल देतात, हे भुलीचं औषध, त्याने माणूस गुंगीत बडबडतो, पण त्या बडबडीत खरं, मनातलं काहीबाही आणि विचारणाऱ्याने सुचवलेलं असं सगळं मिसळलेलं असतं. लाय डिटेक्टर तर खोटं पकडतच नाही, तो बीपी, श्वास, घाम मोजतो, आणि पोलीस समोर असले की निर्दोष माणसाचंही काळीज धडधडतंच ना.

आता कायदा. 5 मे 2010 ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक केसमध्ये स्पष्ट सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ (म्हणजे लाय डिटेक्टर), ब्रेन मॅपिंग (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूची प्रतिक्रिया तपासणं) यातलं काहीच जबरदस्तीने करता येणार नाही, कारण संविधानाच्या कलम 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. म्हणजे नकार देणं हा हक्क आहे. स्वतःहून टेस्ट दिली तरी रिपोर्ट पुरावा ठरत नाही, फक्त त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू वगैरे सापडली तर ती कोर्टात येऊ शकते.

एवढं तळमळीने लिहितोय कारण 2008 मध्ये आपल्या पुण्यातच एका खुनाच्या खटल्यात अशाच ब्रेन मॅपिंगसारख्या टेस्टचा रिपोर्ट कोर्टाने ग्राह्य धरला आणि जन्मठेप झाली, नंतर हायकोर्टाने जामीन दिला.