झुडपं कापली, पिल्लाला हात लावला नाही : एका कमेंटला लांबलचक उत्तर

दादा, तुमची कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडी लाज वाटली (कशाची ते खाली येईलच) आणि तिसऱ्यांदा कळलं की दोन ओळींत हे भागणारं नाहीये, म्हणून सवडीने लिहायला बसलेय.

ज्यांनी आधीचं काही वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशर कोरोनेशन कोस्ट नावाचं नॅशनल नेचर रिझर्व्ह आहे, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हॉलंटियर म्हणून वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं कापली आणि किनाऱ्यावर सीलची (समुद्रात राहणाऱ्या एका सस्तन प्राण्याची) पिल्लं पाहिली, ते मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं की "ताई, फळांनी लगडलेली झाडं कापून पक्ष्यांच्या तोंडचा घास काढता, रडणारं एकटं पिल्लू दिसलं तर फोटो काढून पुढे जाता, बाजूला विमानं बॉम्बचा सराव करतात त्यावर अवाक्षर काढत नाही, आणि वर याला संवर्धन म्हणता?"

आधी झाडांचं बघू. ते सी बकथॉर्न, लडाखला गेलेल्या लोकांनी ज्याचा नारिंगी ज्यूस प्यायला असेल तेच. काटे असे की जाड चामड्याचा ग्लोव्ह घालूनसुद्धा माझ्या अंगठ्यात एक घुसला आणि चार दिवस ठणकत होता. हे झुडूप त्या किनाऱ्याचंच आहे, बाहेरून आलेलं नाही, त्यामुळे "परदेशी झाड म्हणून कापलं" असं सोपं उत्तर मला देता येत नाही. पण ते मुळांतून फुटवे काढत वाळूच्या टेकड्यांवर पसरतं, त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून वाळू सुपीक करतात, आणि ऐकायला कितीही छान वाटलं तरी तिथे खरी गडबड इथूनच सुरू होते. त्या टेकड्यांवरची नाजूक फुलं, शेवाळं, उघड्या वाळूत बिळं करणारे किडे सगळे भुकेकंगाल जमिनीवर जगणारे, जमीन सकस झाली की खाजकुयलीसारखी नेटल वगैरे दांडगी मंडळी येऊन त्यांना दाबून टाकतात. पूर्वी हे काम ससे करायचे, कोवळे फुटवे कुरतडून टाकायचे. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये आला, ससे पटापट मेले आणि ब्रिटनभरच्या अशा टेकड्यांवर झुडपांना रान मोकळं मिळालं. म्हणजे आम्ही जे करवतीनं करतो ते सशांचंच उरलेलं काम आहे म्हणा ना.

आणि याच रिझर्व्हच्या सॉल्टफ्लीटबी-थेडलथॉर्पच्या भागात नॅटरजॅक टोड नावाचा बेडकासारखा प्राणी आहे. पाठीवर मधोमध पिवळी रेघ, उड्या न मारता उंदरासारखा पळतो. त्याला उघडी वाळू लागते आणि उन्हानं तापणारी उथळ डबकी लागतात, उन्हाळ्यात आटली तरी चालतील अशी. झाडी वाढून सावली पडली की नेहमीचे टोड आणि बेडूक तिथे शिरतात, त्यांची अंडी आधी पडतात, पिल्लं आधी मोठी होतात आणि मागून आलेल्या नॅटरजॅकच्या पिल्लांना काही उरत नाही. ब्रिटनमध्ये हा प्राणी फार थोड्या ठिकाणी उरलाय. सी बकथॉर्न त्या किनाऱ्यावर हवं तेवढं आहे. आता सांगा, कोणाची बाजू घ्यायची?

काम नेमकं शरदात का, तर मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा करवत लावायची नसते. म्हणजे सप्टेंबरनंतरच सुरुवात, आणि नेमकी तेव्हाच फळं पिकलेली असतात! इथे तुमचा मुद्दा मला पटतो. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियातून फील्डफेअर आणि रेडविंग हे पक्षी येतात, फील्डफेअर चक-चक-चक करत थव्यानं उतरतात आणि या फळांवर तुटून पडतात. एकदा मी एका झुडपाला कात्री लावणार तेवढ्यात आत काहीतरी हललं. गोल्डक्रेस्ट. पाच-सहा ग्रॅमचा पक्षी, डोक्यावर पिवळी पट्टी, रात्रीतून उत्तर समुद्र ओलांडून आलेला, आणि इतका दमलेला की माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर काट्यांमध्ये बारीकसं काहीतरी टिपत बसला होता, मी आहे याचं त्याला काही पडलेलंच नव्हतं. आम्ही ते झुडूप त्या दिवशी सोडलं. तसंही सगळं सपाट करत नाहीत, एका वर्षी एक तुकडा, समुद्राकडचा फळांचा पट्टा राहू देतात, आणि हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, नुसता कापलेल्या ढिगाचा फोटो टाकला तर कोणालाही कत्तलच वाटणार. अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कापलेल्या खुंटांना तणनाशक लावतात, नाहीतर पुढच्या वर्षी दुपटीनं फुटतं. ते मला अजूनही आवडत नाही. पण दुसरा उपाय मला तरी सुचलेला नाही.

आता पिल्लू. हे डॉना नूकचं, याच रिझर्व्हचं उत्तर टोक. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत ग्रे सील तिथे किनाऱ्यावर येऊन वितात, अलीकडे वर्षाला दोन हजारांच्या वर पिल्लं होतात. जन्मतः साधारण १४ किलोचं, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेलं. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त नुसती चरबी, त्यामुळे पिल्लू दिवसाला जवळपास दोन किलो वाढतं, आणि तेवढ्या दिवसांत आई स्वतः काही खात नाही, आपल्याच अंगावरची चरबी त्याला पाजत राहते. साधारण अठरा दिवस. मग ती निघून जाते, कायमची. परत येत नाही, शिकवत नाही, काही नाही. पिल्लू त्या साठवलेल्या चरबीवर दोन-चार आठवडे उपाशी लोळत पडतं, पांढरी लोकर झडते, आणि एक दिवस स्वतःच समुद्रात उतरतं. तेव्हा "एकटं पिल्लू" दिसणं म्हणजे टाकून दिलेलं असं नसतं, त्यांचं बालपणच तसं असतं.

आणि दादा, ते रडत नव्हतं हो. सीलला डोळ्यातून नाकात पाणी उतरायची नळीच नसते, त्यामुळे डोळे ओले ठेवणारं पाणी सरळ गालावरून वाहतं. मीही पहिल्या दिवशी तो ओला काळा पट्टा बघून गलबललेच होते, शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डन आजींनी समजावलं तेव्हा कळलं.

हात लावला असता तर काय झालं असतं? आई पिल्लाला वासानं आणि आवाजानं ओळखते. माणसांची वर्दळ झाली की ती पाण्यात सटकते, आणि दूध तुटलेल्या पिल्लाला दुसरी कोणी पाजेल याचा भरवसा नसतो. घाबरून पिल्लू स्वतः समुद्राकडे गेलं तर अजून वाईट, ती पांढरी लोकर थंड पाण्यात कामाची नसते. म्हणून माणसं आणि सील यांच्यामध्ये कुंपण असतं. आजारी, जखमी दिसलंच तर वॉर्डनला सांगायचं, पुढचं ते ठरवतात. आणि हो, काही मरतातही. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री उत्तर समुद्राला प्रचंड उधाण आलं, पूर्व किनाऱ्यावर कितीतरी पिल्लं आयांपासून तुटली, रेस्क्यूवाल्यांनी त्या वेळी जमेल तेवढी उचलली. म्हणजे "कधीच हात लावू नका" असा काही धर्म नाहीये, कधी लावायचा ते ओळखणं हाच त्या वॉर्डन लोकांचा अर्धा जॉब आहे.

बॉम्बचं म्हणाल तर ते खरंच आहे, डॉना नूक ही ब्रिटिश हवाई दलाची सराव रेंज आहे. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी कान दाबून खाली बसले आणि सगळ्यात जवळच्या मादीनं एक डोळा उघडून परत मिटला. त्या आवाजाला ते सरावलेत. जमीन लष्करी असल्यामुळे तिथे कोणी हॉटेल बांधलं नाही हेही तितकंच खरं. यावरून लष्कराचे आभार मानायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मला जमत नाही.

आता ती लाज. पोस्टमधला पिल्लाचा क्लोजअप झूमनं काढलेला नव्हता. पिल्लू कुंपणाला खेटून पडलं होतं आणि मी फळ्यांच्या वरून हात आत घालून फोन त्याच्या तोंडाजवळ नेला होता. त्यानं फिस्स केलं, आईनं मान वर केली, आजींनी मला दोन शब्द सुनावले. तुम्ही "फोटो काढून पुढे गेलात" लिहिलंत ना, ते बरोबर जागी लागलं. तो फोटो आज सकाळी काढून टाकलाय.

एप्रिलच्या शेवटी परत जायचा विचार आहे, कापलेल्या तुकड्याजवळच्या डबक्यात नॅटरजॅक ओरडतात का बघायला, रात्री ओरडायला लागले की लांबूनसुद्धा ऐकू येतात म्हणे. मिळालं तर रेकॉर्डिंग टाकते. नाही मिळालं तर तेही लिहीन.