खुलासा: ‘एलएलएम्स.टीएक्सटी’ नसली म्हणून साइट गायब होत नाही

‘एलएलएम्स.टीएक्सटी’ (llms.txt, म्हणजे साइटवरची माहिती एआयला सोप्या रूपात देणारी मजकूर-फाइल) टाकली नाही तर तुमची साइट एआय शोधात दिसणारच नाही, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ही फाइल म्हणजे एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला प्रस्ताव, सक्ती नव्हे. एआय ओव्हरव्ह्यूसाठी (गुगल शोधात वर दिसणाऱ्या एआयच्या उत्तरासाठी) वेगळी फाइल किंवा खास मार्कअप, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणा, लागत नाही, असं गुगलनेच स्पष्ट केलंय. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. चॅटजीपीटीच्या शोधासाठी मात्र रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (कोणत्या बॉटने साइट वाचावी हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘ओएआय-सर्चबॉट’ (OAI-SearchBot) हा चॅटजीपीटीसाठी साइट वाचणारा बॉट अडवलेला नाही ना, ते बघा.

आपल्या मराठी साइट्सचं खरं दुखणं वेगळंच आहे: दरपत्रक जेपीजी फोटोत, जुनी परिपत्रकं युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये आपल्याला स्वच्छ मराठी दिसतं, यंत्राच्या हाती मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी पडते. फोटोतला आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा.