घरचं पोरगं आणि बिनभरवशाचा पायथॉन

परवा लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानात माझा जो पाणउतारा झाला, त्याचे मूळ पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये आहे, हे घरी सांगूनही कुणाला पटले नाही. सोयाबीनचे वजन आणि भाव घेऊन, त्यातून हमाली व तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढणारी प्रोसिजर, म्हणजे छोटा प्रोग्राम, डेटाबेसच्या आतच लिहायची, एवढे ठरले होते. भाषा तेवढी ठरायची होती. काट्यावरून येणारे वजन कधी किलोत, कधी क्विंटलमध्ये उतरत असल्यामुळे मला पायथॉन हवी होती. माझ्या हाताखालच्या मुलाला पोस्टग्रेसची घरचीच भाषा पीएल/पीजीएसक्यूएल हवी होती, कारण 2010 च्या 9.0 आवृत्तीपासून ती आयतीच बसवलेली मिळते.

हा वाद आम्ही गादीशेजारी बसून घातला, ही माझी चूक. गादीवर मुनीमजी तुरीच्या नमुन्यातील खडे वेचत होते आणि प्रत्येक खडा माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर ओळीने मांडत होते.

“भाषेचं काय निघालं ओ साहेब? आपलं तर समदं मराठीतच हाय की.”

ही यंत्राची भाषा असते, असे मी सांगत होतो, तोच मुलाने नको तिथे तोंड उघडले. पायथॉनला पोस्टग्रेस स्वतःच ‘अनट्रस्टेड’ म्हणते, असे तो म्हणाला.

“म्हंजे?”

“भरवशाची नाही.”

खडे वेचणारा हात थांबला. “मालकालाच भरवसा नाही, त्याला तुम्ही गल्ल्यावर बसवायलाव?”

हा निव्वळ तांत्रिक शब्द आहे, अशा भाषेतील फंक्शन डेटाबेसच्या बाहेर सर्व्हरवरील फाइलींपर्यंत पोहोचू शकते, म्हणून ते तयार करण्याचा अधिकार फक्त सुपरयुजरला, म्हणजे डेटाबेसचे सर्वाधिकार असलेल्यालाच असतो, असे मी घाम पुसत समजावले.

“म्हंजे गल्ल्यावर बसून गोदामातबी हिंडणार. आन् त्याला ठेवून घ्यायला मालकच लागतंय?”

“तसेच म्हणा.”

“मंग दुसरं पोरगं बरं. घरातच वाढलंय म्हणता नव्हं?”

कानाला फोन लावलेल्या शेटजींनी मान हलवली आणि चहा यायच्या आत निर्णय झाला. पर्ल या आणखी एका भाषेची भरवशाची आणि बिनभरवशाची अशी दोन्ही रूपे पोस्टग्रेसमध्ये मिळतात, हे मी भीतीपोटी गिळून टाकले. जुळ्या भावांवर मुनीमजी काय बोलले असते कोण जाणे. चीड याची येते की त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते, आणि तेच मी आठ दिवस पुस्तिका चाळून, तक्ते करून, स्वतःच्या आवडीपायी बाजूला सारले होते. क्विंटलचे किलो करण्यासाठी आता डिक्लेअर, बिगिन, एंड असे त्या घरच्या भाषेचे सोवळे पाळत बसलो आहे.

काल बिल दिले. भाषा निवडण्याच्या त्या आठ दिवसांवर शेटजींनी लाल पेनाने काट मारली. “निवडली तर मुनीमजीनं,” ते म्हणाले.