एका रविवारचे पाच मालक

कॅलेंडरवर रविवार लाल छापतात तो सुट्टीचा म्हणून, असं लहानपणी वाटायचं, आता कळलंय की तो लाल धोक्याचा आहे. बघा म्हणजे, एनसीसीची परेड रविवारी सकाळी. क्लासची मॉक टेस्ट रविवारी दुपारी, आणि खुद्द यूपीएससी सुद्धा सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीची, खरी परीक्षा रविवारीच घेते, म्हणजे हा कट पार वरपासून शिजलेला आहे. फिजिक्सचं जर्नल सोमवारी द्यायचं असतं त्यामुळे ते रविवारी रात्रीच लिहायचं असतं (शनिवारी लिहिणारी मुलं असतात म्हणे, मी अजून पाहिलेली नाहीत). कोथरूडला मित्राकडे टेबल लावून लढाई खेळायची ती रविवारी. आणि आईबाबा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले की गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून एक सिगार शांतपणे ओढायचा तोही रविवारीच, कारण साखरपुडे रविवारी असतात.

मी टीवाय बीएस्सीला आहे, सैन्यात जायचंय, आणि मला दोन नाद आहेत. एक म्हणजे बोटभर उंचीचे सैनिक रंगवून त्यांच्या लढाया खेळणं आणि दुसरा सिगार. दोन्ही नाद बंगल्यात राहणाऱ्या, पेन्शन चालू असलेल्या माणसाला शोभतील असे आहेत हे मला मान्य आहे, पण पेन्शन मिळेपर्यंत थांबायचं तर आधी नोकरी लागली पाहिजे आणि त्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप चाललाय.

एनसीसीत 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर परेडला 75 टक्के हजेरी लागते. कॉलेजात सेमिस्टरला बसायचं तर लेक्चरला 75 टक्के हजेरी. दोन्ही मिळून 150 टक्के होतात हे आमच्या एचओडींना मी एकदा फळ्यावर मांडून दाखवणार होतो, पण ते थर्मोडायनॅमिक्स शिकवतात, एनर्जी कुठून आणणार हा तुझा प्रश्न आहे म्हणाले असते. सीडीएसच्या गणितात ते काळ-काम-वेगाचं असतं ना, अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच 15 दिवसांत करतो, तर दोघं मिळून किती दिवसांत. माझ्या केसमध्ये अ, ब आणि क हे एकच इसम आहेत आणि तिघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. याचं उत्तर चार पर्यायांत कधीच नसतं.

आता अडथळा कसा ते सांगतो. सकाळी तळजाईच्या टेकडीवर पळायला जायचं. 2.4 किलोमीटर, घड्याळ लावून. आदल्या संध्याकाळी गच्चीवर साखरपुडा झाला असेल तर, म्हणजे बाबा साखरपुड्याला आणि मी गच्चीवर, तर पहिल्याच चढाला छातीतून हार्मोनियमचा भाता फाटल्यासारखा आवाज येतो. सिगारचा धूर आत घ्यायचाच नसतो, तोंडातल्या तोंडात खेळवून सोडायचा असतो, हे मी मला स्वतःला पळताना समजावत असतो पण फुप्फुसांनी ते वाचलेलं नसतं. तेवढ्यात पांढऱ्या बुटातले, कानटोपी घातलेले, बायपास झालेले एक काका "चला चला, तरुण पोरं तुम्ही!" म्हणत शेजारून निघून जातात. नुसते चालत.

पळून आलं की पुशअप्स. आणि पुशअप्स मारले की रंगकाम मेलं. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून जरा सविस्तर. 28 मिलिमीटर उंचीच्या सैनिकाचा डोळा म्हणजे सुईच्या टोकाएवढा. आधी तिथे पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका, आणि मग श्वास रोखून दोन्ही डोळ्यांतले काळे ठिपके एकाच दिशेला बघतायत ना ते पाहायचं. पुशअप्सनंतर दोन तास हात असा थरथरतो की ब्रश आपोआप व्हायब्रेट मोडवर जातो. त्यामुळे माझ्या अख्ख्या 78व्या हायलँडर्स (ब्रिटिश सैन्यातली स्कॉटिश) पलटणीत एकही जवान सरळ बघत नाही. एक जण शत्रूकडे आणि स्वतःच्या कानाकडे एकाच वेळी बघतोय. पुन्हा जूनमध्ये दमट हवेत प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मारला की तो रवाळ बसतो, मग सगळ्या पलटणीच्या अंगावर काटा आलेला दिसतो. स्कॉटलंडचे लोक पुण्याच्या पावसाळ्यात गुडघे उघडे टाकून उभे राहिले तर काटा येणारच, असं म्हणून मी ते तसंच ठेवलंय.

घरी या सगळ्याला भातुकली म्हणतात. आजीचं मत जरा वेगळं आहे, ती म्हणते हा अजून दिवाळीचा किल्लाच करतोय. आणि खरं सांगू का, आजी बरोबर आहे. आपल्याकडे ज्यानं लहानपणी किल्ला केलाय त्याला हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. गोणपाट चिखलात बुडवून डोंगर, वरून अळीव पेरायचे की चार दिवसांत जंगल, बुरुजावर मातीचे मावळे. आमच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असायचे, मावळा गाईपेक्षा मोठा, आणि गुहेत प्लास्टिकचा वाघ जो महाराजांच्या टाचेएवढा. तेव्हा कुणी स्केल विचारत नव्हतं. आता मी विकत घेताना 28 मिलिमीटर म्हणजे तळपायापासून डोळ्यापर्यंत की टोपीपर्यंत यावर वाद घालतो, एवढाच फरक, आणि हो, मातीचा मावळा कितीला मिळायचा आणि परदेशी डब्यातला हायलँडर कस्टम ड्यूटीसकट कितीला पडतो हा दुसरा, पण तो आकडा घरी कुणाला माहीत नाही आणि हा लेख आई वाचते.

बाबांना पटवायला मी इतिहास काढला होता. म्हटलं, बाबा, हा पोरखेळ नाही, प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं 1824 साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन असाच खेळ जनरल स्टाफच्या प्रमुखाला दाखवला, म्युफ्लिंग त्याचं नाव, तो आधी नाक मुरडत बसला होता पण बघता बघता उठला आणि म्हणाला हा खेळ नाहीच, हे युद्धाचं शिक्षण आहे, सगळ्या सैन्याला मी याची शिफारस करतो. बाबांनी पेपर खाली केला. "त्या पोराचं जर्नल कम्प्लीट होतं का?" एवढंच विचारलं आणि पेपर वर केला.

सिगारची कथा याहून करुण. दुबईचा काका सुट्टीवर येताना आणतो, मला गुपचूप पाच-सहा देतो. सिगार म्हणजे पानंच शेवटी, त्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते, कमी झाली तर पापुद्रा फुटतो, जास्त झाली तर बुरशी. पुण्याची हवा एप्रिलमध्ये पापडाला योग्य आणि जुलैमध्ये बुरशीला, मधलं पुण्यात काही नसतं. श्रीमंत लोक त्यासाठी स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाची पेटी घेतात. मी आईचा हवाबंद डबा घेतला, त्यात आर्द्रता राखणारं पाकीट टाकलं आणि कपाटात स्वेटरांमागे लपवलं. आता मराठी घरात दागिना हरवला तर एकवेळ चालतं, पण झाकणासकट चांगला डबा गायब झाला की तपास लागेपर्यंत कुणाला चहा मिळत नाही. तपास लागला. आईनं डबा उघडला, आत तपकिरी कांड्या, वास कसलातरी उग्र. तिला वाटलं कसली तरी झाडपाल्याची औषधं, जिमवाल्यांनी दिलेली, आणि कीड लागू नये म्हणून तिनं आत चार डांबरगोळ्या टाकल्या आणि झाकण घट्ट लावून परत ठेवून दिलं. मला काही बोलली नाही. मायेनं केलेल्या गोष्टी माणूस बोलून दाखवत नाही.

सिगारचे दर्दी लोक लिहितात ना, पहिल्या एक-तृतीयांशात कॉफी, मग चामडं, मग शेवटी जरा मिरीची चव. माझ्या सिगारला पहिल्या झुरक्यात आजीचा शालू लागला, दुसऱ्यात पत्र्याची ट्रंक, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि खालून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "कोण रे संडासात फिनेल जाळतंय?" तरी अर्ध्यापर्यंत ओढला, काकाच्या पैशाचा मान ठेवून. त्यातल्या त्यात एक बरं झालं, गच्चीवरची डासांची पलटण त्या दिवशी पूर्ण माघारी गेली.

तर अशा परिस्थितीत एसएसबीची, म्हणजे सैन्यासाठी अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाची, तयारी. तिथे पाच दिवस असतं, मुलाखतीआधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात छंदाचा रकाना असतो. क्लासचे सर म्हणाले क्रिकेट लिही, ट्रेकिंग लिही, वाचन लिही, सेफ राहतं. माझ्या बॅचमधल्या तमाम पोरांनी ट्रेकिंग लिहिलं होतं, त्यातला एक सिंहगडाला फक्त भजी खायला जातो आणि तेही बाईकवरून. मी मिनिएचर वॉरगेमिंग लिहिलं. सिगार अर्थात लिहिलं नाही, एवढी अक्कल तळजाईच्या चढानं आलीय.

मॉक इंटरव्ह्यूला एक रिटायर्ड कर्नलसाहेब येतात, मूळचे साताऱ्याकडचे, मिश्या अशा की त्यांच्यासमोर आपसूक पोट आत जातं. त्यांनी रकाना वाचला, चष्मा काढला, परत घातला. "हे काय असतं?" मी सांगायला लागलो. सांगता सांगता असईच्या लढाईवर आलो. 23 सप्टेंबर 1803, आपल्या जालना जिल्ह्यातलं असई, समोर शिंदे-भोसल्यांची फौज, तोफखाना जबरदस्त, कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मनाच्या हाताखाली, आणि अलीकडे इंग्रजांचा जनरल वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मधे कैतना नदी. वाटाडे म्हणाले पुढे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नाही. त्यानं पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत, म्हणजे लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. होता. आणि तिथे आपल्याकडून पहाराच नव्हता. तिथून तो पलीकडे गेला, त्याची माणसं दीड हजारावर मेली नि जखमी झाली, स्वतःच्या अंगाखालचं घोडं गेलं, पण आपल्या 98 तोफा गेल्या. पुढे म्हातारपणीसुद्धा तो आपली सगळ्यात भारी कामगिरी म्हणून नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या ऐवजी असईचं नाव घ्यायचा.

कर्नलसाहेब काही बोलेनात. मला वाटलं गेलो. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी हे सगळं घेऊन माझ्या घरी ये. मी शिंद्यांकडून."

सर, रविवारी परेड, असं तोंडातून निघणार होतं. पण परेड म्हणजे ज्या माणसासारखं व्हायचं त्यासाठीच ना, आणि तो माणूस स्वतःच बोलावतोय. गेलो. त्यांच्या डायनिंग टेबलवर थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी, एका बाजूला माझे तिरळे हायलँडर्स. फासे वाटले, अंतर मोजायची टेप ठेवली, नियम सांगितले. त्यांनी ते ऐकलेच नाहीत बहुतेक, कारण ते नदीकडे बघत होते. पहिली चाल. त्यांनी तोफांची अख्खी एक बॅटरी उचलली आणि बरोबर त्या दोन गावांसमोर, उतारावर, नेऊन ठेवली. मागे पायदळ. मागे घोडदळ.

"हं. कर आता क्रॉस."

दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणीतरी एवढं केलं असतं तर, असं मनात येऊन मला एक क्षण फार बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की वेलस्ली मी आहे. मी उतारावर पलटण घातली. त्यांनी फासे टाकले, सहा, सहा, पाच. दुसरी घातली. काकू पोहे घेऊन आल्या, किती मेले विचारून गेल्या. लांबून वळसा घालावा म्हटलं तर कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले की तुझ्या माणसांनी सकाळपासून वीस मैल चाल केलीय, पाणी कुठाय त्यांना. नियमात पाणी नाहीये सर, म्हटलं. "नियमात नसलं तरी माणसांना लागतं," म्हणाले, आणि माझी तिसरी पलटण उतारात आडवी केली. बोलता बोलता त्यांनी माझ्या बॅगेच्या वरच्या खिशाकडे पाहिलं. नाक फेंदारलं. "डांबरगोळी?" मी त्यात उरलेला एक सिगार विसरलो होतो. त्यांनी तो काढला, वास घेतला, बघितला, स्वतःच्या खिशात ठेवला. "जप्त. 2.4 किती मिनिटांत काढतोस?" मी आकडा सांगितला. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, फक्त फासे पडत होते.

सहा वाजता सीआरचा, म्हणजे वर्गप्रतिनिधीचा, फोन, उद्या जर्नल नाही दिलं तर सर घेणार नाहीत, तुझे चार प्रॅक्टिकल बाकी आहेत. मी उठलो. म्हटलं सर, निघावं लागेल. "विड्रॉल? चालेल. पण रिअरगार्ड कोण ठेवतोयस?" माघार घेताना मागे पलटण सोडायची असते, नाहीतर शत्रू पाठ सोडत नाही, ते त्यांनी बशीतल्या शेंगदाण्यांनी मांडून दाखवलं. तेव्हा 78वे हायलँडर्स तिथेच टेबलावर सोडून मी बसस्टॉपकडे पळालो, आणि हे पळणं जर कुणी घड्याळ लावून मोजलं असतं तर एसएसबीवाल्यांना नक्की आवडलं असतं.

हायलँडर्स अजून तिकडेच आहेत. आणायला फोन केला तर कळलं की साहेबांच्या नातवानं त्यांना वाळूच्या कुंडीत पुरून तुळशीभोवती तटबंदी केलीय, आणि साहेबांचं म्हणणं पडलं की पोझिशन चांगली आहे, हलवू नये. बाकीचे घेऊन ये म्हणाले, येत्या रविवारी.