डेलावेअरने मंजूर केलं, तरी टेक्सासला कळवावं लागतंच

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : कंपनी स्थापन झाली डेलावेअरमध्ये, धंद्यासाठी नोंद टेक्सास-कॅलिफोर्नियातही, नाव बदललं आणि डेलावेअरने ते मंजूर केलं, कंपनी तीच, मालक तेच, दोन वर्षांत कुणी विचारलंही नाही, मग टेक्सास-कॅलिफोर्नियात पुन्हा कागद भरायला सांगून मी वकिलांची धन करतोय.

कंपनी तीच राहते, हे खरंच. जुने करार, कर्जं, येणी तशीच राहतात. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, नवा ईआयएन (कंपनीचा कर-क्रमांक) घ्यावा लागत नाही. पण म्हणून दुसऱ्या राज्यातली नोंद आपोआप बदलत नाही. भारतात कंपनी कायदा केंद्राचा, त्यामुळे पुण्याच्या कंपनीची कर्नाटकात वेगळी कंपनी-नोंदणी नसतेच. इथे आलो तरी आपल्या डोक्यात तेच चित्र असतं. अमेरिकेत हा कायदा राज्याराज्याचा. टेक्सासने धंद्याची नोंदणी दिली ती जुन्या नावाला. नवं नाव तिथे कळवणं तुमचं काम.

टेक्सासच्या बिझनेस ऑर्गनायझेशन्स कोडचं (तिथल्या कंपनी कायद्याचं) कलम 9.009 त्यासाठी नाव बदलल्यापासून 91व्या दिवसापर्यंत मुदत देतं. कॅलिफोर्नियात दुरुस्त निवेदनात जुनं आणि नवं, दोन्ही नावं लिहायची आणि नाव बदलल्याचा मूळ राज्याच्या अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. तो डेलावेअरहून आधीच मागवून ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमचं नवं नाव टेक्सासमध्ये आधीच कुणाचं असेल तर? डेलावेअरने दिलं म्हणून टेक्सासने ते द्यायलाच हवं असं नाही. मग त्या राज्यापुरतं निराळं नाव घ्यावं लागतं. पाट्या, बिलं, लायसन्स सगळीकडे दोन नावं. छोट्या धंद्याला हा खर्च आणि गोंधळ झेपत नाही. म्हणून नावाचा ठराव करण्याआधीच प्रत्येक राज्यात ते मोकळं आहे का, ते बघा.

कुणी विचारलं नाही म्हणता, पण विचारणा होते ती नेमकी नडीच्या वेळी : कर्ज घेताना, कंपनी विकताना, थकबाकी वसूल करताना. टेक्सासमध्ये नोंदणी नसलेल्या बाहेरच्या कंपनीचे करार बुडत नाहीत, पण नोंदणी होईपर्यंत तिला तिथल्या कोर्टात दावा चालवता येत नाही. जुन्या नावाची नोंदणी हातची जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ देऊ नका.

आणि यात वकिलांची धन कसली? दोन्ही राज्यांचे फॉर्म त्या-त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर आहेत, ते तुम्ही स्वतः भरू शकता. मुदत उलटली असली तरी याच आठवड्यात भरा.